शिल्पकार करमरकर

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर माझगाव वसले आहे. एके काळी आंब्यांसाठी नावाजलेले हे गाव पुढे गोद्यांचे, वखारींचे आणि भट्ट्यांचे गाव झाले. १७७४ साली येथे एक लहानशी गोदी बांधण्यात आली. तिचाच विस्तार होत होत आजचे माझगाव डॉक उभे राहिले. १९६० साली ते भारत सरकारच्या मालकीचे झाले. बोटींची बांधणी, त्यांची दुरुस्ती आणि त्यांना लागणारे धातूचे भाग घडविणे हा येथील नित्याचा उद्योग. परंतु १९२८ साली याच माझगाव डॉकमध्ये एक अगदी निराळी वस्तू ओतली गेली. ती होती छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात जो भव्य ब्राँझचा पुतळा आज दिसतो, त्याचा जन्म माझगावचा. तो घडविणारे शिल्पकार होते विनायक पांडुरंग करमरकर. मित्रमंडळी त्यांना आदराने नानासाहेब म्हणत.

करमरकरांचे मूळ गाव सासवने. माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून पूर्वापार लाँचमधून लोक रेवसला जात आले आहेत. २०२० सालापासून याच बाजूने मांडव्याला मोटारी वाहून नेणारी मोठी नौकाही सुरू झाली. मांडव्याहून अलिबागकडे जाऊ लागले की नारळी-पोफळींच्या वाड्यांत दडलेले सासवने लागते. आज हे गाव रायगड जिल्ह्यात मोडते. त्या काळी जिल्ह्याचे नाव होते कुलाबा. या गावी २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायकाचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच. परंतु घराण्यात गणपतीच्या मूर्ती करण्याची परंपरा होती. ज्या वयात इतर मुले मातीत खेळतात, त्या वयात या मुलाला त्याच मातीतून आकार काढण्याचे वळण लागले.

मूर्तिकाराचे काम वरवर पाहता सोपे वाटते. परंतु माती चाळून घ्यावी लागते, ती मळावी लागते, तिच्यात पाणी किती घालावे याचा अंदाज हाताला यावा लागतो. पाणी अधिक झाले तर आकार बसतो आणि कमी झाले तर वाळताना तडा जातो. मूर्ती पूर्ण झाली, तिची पूजा झाली, की काही दिवसांतच तिचे विसर्जन होते. इतक्या कष्टांनी केलेली वस्तू पाण्यात विरघळून जाणार, हे ठाऊक असूनही मूर्तिकार तिच्या डोळ्यांची रेखणी मन लावून करतो. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या अंगी कामाची निष्ठा लहानपणीच मुरली असल्यास नवल नाही.

विनायकाला चित्रे काढण्याचाही छंद होता. कागद आणि रंग यांची चैन खेड्यातील मुलाला कोठून परवडणार? दिसेल ती भिंत हाच त्याचा कागद. गावातील राममंदिराच्या भिंतीवर त्याने घोड्यावर आरूढ झालेल्या शिवाजी महाराजांचे चित्र रेखाटले होते. त्या सुमारास ऑटो रॉथफिल्ड नावाचे इंग्रज अधिकारी कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर होते. फिरतीवर असताना त्यांच्या दृष्टीस ते चित्र पडले. हे कोणी काढले, याची त्यांनी चौकशी केली, तेव्हा एक खेडवळ पोर पुढे आले. रॉथफिल्ड गुणग्राहक होते. केवळ शाबासकी देऊन ते थांबले नाहीत. या मुलाला मुंबईस कलेचे रीतसर शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी साहाय्य केले. मंदिराच्या भिंतीवरील त्या चित्राने विनायकाच्या आयुष्याला असे वळण दिले.

मुंबईची सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ साली स्थापन झाली होती. ‘जे. जे. स्कूल’ या नावाने ती सर्वांस परिचित आहे. तेथे करमरकरांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. घरी हाताला जे वळण लागले होते, त्याला येथे शास्त्राची जोड मिळाली. देवाच्या मूर्तीचे प्रमाण परंपरेने ठरलेले असते. माणसाच्या देहाचे प्रमाण मात्र प्रत्येक माणसागणिक निराळे. कातडीखाली स्नायू कसे ताणले जातात, खांदा उचलला की पाठीचा आकार कसा बदलतो, म्हाताऱ्याची मान आणि मुलाची मान यांत काय फरक असतो, हे सारे समोर बसलेल्या माणसाकडे तासन्‌तास पाहून शिकावे लागते. करमरकर हे शिकले आणि शाळेचे मानाचे मेयो पदकही त्यांनी मिळविले.

शिक्षण संपले, परंतु शिल्पकाराला काम मिळणे सोपे नव्हते. चित्र घरात टांगता येते. पुतळा करवून घेण्यास मात्र पुष्कळ पैसा आणि जागा लागते. पुढे सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्या आधाराने करमरकर कलकत्त्यास गेले. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे. कलकत्त्यात करमरकरांनी आपली शिल्पशाळा थाटली आणि तेथील अनेक नामवंतांचे पुतळे घडविले. तेवढ्यावर समाधान न मानता १९२० साली ते लंडनच्या रॉयल अकादमीत अधिक शिक्षणासाठी गेले. युरोपातील संग्रहालयांतून आणि शिल्पशाळांतून संगमरवर व ब्राँझ यांची उत्तमोत्तम कामे त्यांनी डोळे भरून पाहिली. सासवन्याच्या मातीत सुरू झालेले शिक्षण असे पूर्णत्वास आले.

इकडे पुण्यात शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभारण्याचा संकल्प कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी केला होता. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. परंतु पुढील वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी हे कार्य पुढे चालविले. अखेरीस पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले. लहानपणी ज्या विषयाचे चित्र त्यांनी भिंतीवर काढले होते, तोच विषय आता ब्राँझमध्ये साकारावयाचा होता. भिंतीवरचे चित्र चुकले तर पुसून टाकता येते. येथे तशी सोय नव्हती.

अश्वारूढ पुतळा ही शिल्पकाराची कसोटीच असते. उभ्या माणसाचा पुतळा दोन पायांवर आणि चौथऱ्यावर टेकलेला असतो. अश्वारूढ पुतळ्यात घोड्याचे धिप्पाड शरीर आणि वर बसलेला स्वार एवढा सारा भार घोड्याच्या सडपातळ पायांवर तोलावा लागतो. शिवाय घोडा आणि स्वार यांचे एकमेकांशी नाते दिसले पाहिजे. लगामाचा ताण, मांडीची पकड, घोड्याच्या मानेचा डौल यांपैकी एकही गोष्ट खोटी ठरली, तर स्वार घोड्यावर नुसता ठेवल्यासारखा दिसतो. त्यातून हा स्वार सामान्य नव्हता. महाराष्ट्रातील प्रत्येक माणसाच्या मनात शिवाजी महाराजांची एकेक मूर्ती आधीच वसलेली होती. त्या सर्वांना ‘हे आपलेच महाराज’ असे वाटावयास हवे होते.

ब्राँझचा पुतळा कसा तयार होतो, हे येथे समजून घेतले पाहिजे. प्रथम लोखंडी सळ्यांचा मजबूत सांगाडा उभारतात आणि त्यावर ओली माती चढवून पुतळा घडवितात. माती वाळून तडकू नये म्हणून ती सतत ओली ठेवावी लागते. मातीचे काम मनासारखे झाले, की त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतात आणि त्या साच्यातून प्लॅस्टरची प्रतिकृती काढतात. या प्रतिकृतीवरून धातू ओतण्यासाठी भट्टीची आच सोसणारा दुसरा साचा तयार करतात. पुतळा भरीव ठेवला तर तो अतोनात जड होईल आणि थंड होताना फाटेलही. म्हणून साच्याच्या आत एक गाभा ठेवतात. गाभा आणि साचा यांच्यामध्ये जी चिंचोळी पोकळी राहते, तीत वितळलेला धातू जाऊन बसतो. हवा आणि वाफ बाहेर पडावी म्हणून साच्याला जागोजाग वाटा ठेवाव्या लागतात. एवढे झाल्यावर तांबे व कथील यांचे मिश्रण भट्टीत सुमारे हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्याचा रस साच्यात ओततात.

मोठे पुतळे सामान्यतः तुकड्यातुकड्यांनी ओतून मग जोडले जातात. एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतता येतो. शिवाजी महाराजांचा हा पुतळा मात्र अखंड ओतण्यात आला. अशा कामात धोका मोठा असतो. धातूचा रस ओतण्यास आरंभ झाला की तो मध्येच थांबविता येत नाही. धार खंडली तर आधी गेलेला रस थिजतो आणि मागून येणारा त्याच्याशी एकजीव होत नाही. साच्यात कोठे ओलावा राहिला तर वाफेच्या जोराने साचा फुटू शकतो. कोठे हवा कोंडली तर तेथे पोकळी राहते. आत काय घडत आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या कोणासही दिसत नाही. दीर्घ परिश्रमांचे फळ मिळणार की राख होणार, याचा निकाल थोड्या वेळातच लागतो. आणि तो कळण्यासाठी मात्र धातू निवून साचा फोडीपर्यंत धीर धरावा लागतो.

असे काम एकट्याच्या हातून होत नाही. शिल्पकाराने कितीही उत्तम आकार दिला, तरी भट्टीची आच ओळखणारा, कढल्या तोलून धरणारा, धार अखंड ठेवणारा कामगार तितकाच कुशल असावा लागतो. माझगावच्या कामगारांचा हात बोटींच्या कामावर बसलेला होता. बोटीचा भाग सदोष निघाला तर भर समुद्रात माणसांचे प्राण जातात, हे जाणणारे ते लोक. त्यांच्या हातांनी करमरकरांच्या कल्पनेला ब्राँझचे शरीर दिले. या कामगारांची नावे चौथऱ्यावर कोरलेली नाहीत. तथापि त्यांच्यावाचून तो पुतळा झाला नसता, हे विसरता येणार नाही.

साचा फुटला आणि आतून पुतळा सुखरूप निघाला. त्याची उंची साडेतेरा फूट आणि वजन सुमारे आठ टन होते. आता तो पुण्यास कसा न्यावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. मुंबई-पुणे लोहमार्गावर बोरघाटात एकामागून एक बोगदे लागतात. एवढा उंच पुतळा नेहमीच्या डब्यावर ठेवला तर तो बोगद्याच्या कमानीला अडकणार. म्हणून खास व्यवस्था करून तो रेल्वेने पुण्यास पोहोचविण्यात आला. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. करमरकर तेव्हा सदतिसाव्या वर्षात होते. एका दिवसात त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले.

कीर्ती मिळाल्यावर माणसाची खरी परीक्षा सुरू होते. करमरकरांकडे थोरामोठ्यांच्या पुतळ्यांची कामे येतच राहिली आणि ती त्यांनी चोख केलीही. परंतु त्यांची दृष्टी केवळ थोरामोठ्यांवर खिळून राहिली नाही. ‘शंखध्वनी’ हे शंख फुंकणाऱ्या आकृतीचे त्यांचे शिल्प फार गाजले. १९३० साली बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या मुलीलाही त्यांनी शिल्पाचा विषय केले. मासळी विकणारी कोळ्याची पोर पुतळ्याच्या योग्यतेची असते, असे त्या काळी फार थोड्यांना वाटत असेल. पुतळा म्हटला की तो राजाचा, पुढाऱ्याचा नाही तर देणगीदाराचा, अशीच समजूत रूढ होती.

करमरकरांनी सासवन्यास समुद्रालगत टुमदार घर बांधले. नारळीच्या सावलीत त्यांचे काम चाले. शेजारीपाजारी, गडीमाणसे, मुले, गुरेढोरे हेच तेथे त्यांचे विषय झाले. परंतु या माणसांचे पुतळे करण्यासाठी पैसे कोण देणार? ब्राँझ महाग आणि संगमरवरही महाग. करमरकरांनी त्यासाठी रडत बसण्याऐवजी सिमेंट हाती घेतले. घरे बांधण्याच्या या साध्या वस्तूतून त्यांनी आपल्या आवडीची शिल्पे घडविली.

त्यांतली म्हैस पाहण्यासारखी आहे. ती अंगणात बसलेली आहे. तिच्या अंगाचा भार जमिनीवर कसा टेकला आहे, मानेची वळी कशी पडली आहे, हाडे कोठे वर आली आहेत, हे सारे इतक्या बारकाईने दाखविले आहे की पाहणाऱ्याला क्षणभर ती खरीच वाटते. खेड्यातील माणूस रोज म्हैस पाहतो; परंतु दूध, शेण आणि वैरण यांपलीकडे तिच्याकडे पाहण्यास त्याला सवड नसते. शिल्पकार मात्र तिच्याकडे पाहण्यासाठी थांबला. महाराजांच्या घोड्याकडे त्याने जितक्या आदराने पाहिले होते, तितक्याच आदराने त्याने या म्हशीकडेही पाहिले.

आपल्या भोवतीच्या जीवनाशी असे इमान राखणारे कलावंत जगात इतरत्रही आढळतात. कॅनडाच्या अगदी उत्तरेस, जेथे वर्षातील बहुतेक महिने बर्फ असते, तेथे इन्यूइट नावाचे लोक राहतात. तेथे लाकूड दुर्मिळ. तेथील कलावंत हाताशी असलेला मऊ दगड, हाडे आणि वॉलरस या प्राण्याचे सुळे घेतात व त्यांतून सील, पांढरे अस्वल, शिकारी, पाठीवर मूल घेतलेली आई अशी शिल्पे कोरतात. १९४९ साली माँट्रियल शहरात त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले, तेव्हा लोकांनी थोड्याच दिवसांत सर्व वस्तू विकत घेतल्या. बर्फातला सील आणि कोकणातली म्हैस यांत हजारो मैलांचे अंतर आहे. परंतु जो प्राणी रोज सोबत असतो त्याला नीट पाहावे, जी वस्तू हाताशी आहे तिच्यातूनच घडवावे, ही रीत दोन्हीकडे एकच दिसते. करमरकरांच्या बाबतीत विशेष असा, की लंडन पाहून आल्यावरही त्यांनी ही रीत सोडली नाही.

करमरकरांच्या कार्याचा उचित गौरव झाला. १९६२ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन सन्मानित केले. १९६४ साली ललित कला अकादमीने त्यांना आपले सन्माननीय सदस्यत्व दिले. १३ जून १९६७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे कुटुंबीयांनी सासवन्याच्या घरातील शिल्पे प्रेमाने जतन केली आणि त्या घरालाच शिल्पालयाचे रूप दिले. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते, भिंतींना पोपडे धरतात. तशा हवेत सिमेंटची व प्लॅस्टरची शिल्पे सांभाळणे हे सोपे काम नव्हे. ब्राँझचा पुतळा ऊनपाऊस सोसत शतकानुशतके उभा राहू शकतो. कोळ्याची मुलगी, गडीमाणसे आणि म्हैस यांना मात्र जपणारे हात लागतात.

गणपतीची माती, महाराजांचे ब्राँझ आणि म्हशीचे सिमेंट अशा तीन वस्तूंतून करमरकरांचा हात फिरला. पहिली थोड्या दिवसांत विरून जाणारी, दुसरी दीर्घकाळ टिकणारी, तिसरी सांभाळली तरच राहणारी. वस्तू बदलली म्हणून त्यांनी कामातली निष्ठा कमीअधिक केली नाही. जे काम मानाचे आहे ते मन लावून करणारे पुष्कळ असतात. ज्याची कोणी वाखाणणी करणार नाही, ज्याचा मोबदला मिळणार नाही, तेही काम तितक्याच मनापासून करणारा कारागीर विरळा. सासवन्याच्या अंगणात बसलेली ती म्हैस अशा कारागिराची साक्ष देत आहे.

स्वाध्याय

१. विनायकाला कलेचे शिक्षण घेण्याची संधी कशी मिळाली?

२. अश्वारूढ पुतळा घडविणे ही शिल्पकाराची कसोटी का मानली जाते?

३. ब्राँझचा पुतळा तयार करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.

४. पुतळा अखंड ओतण्यात कोणते धोके असतात?

५. ‘शिल्पकाराची कल्पना आणि कामगारांचे कौशल्य यांच्या मिलाफातून पुतळा घडतो.’ पाठाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : इमान राखणे, हात बसणे, दृष्टीस पडणे, धीर धरणे.

७. तुमच्या घरी किंवा शेजारी रोज दिसणारा एखादा प्राणी पंधरा मिनिटे लक्षपूर्वक पाहा. पूर्वी ध्यानात न आलेल्या कोणत्या पाच गोष्टी तुम्हांला दिसल्या, ते लिहा.